बिडाचे खांब, काचेचे मोर

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक कॅलेंडर वीस-बावीस वर्षं टांगलेलं होतं. वर्ष केव्हाच सरलं होतं. तारखांचा भाग आईनं कापून टाकला आणि चित्र तेवढं ठेवलं. काळंभोर आभाळ आणि त्याच्यापुढे दिव्यांनी मढलेला म्हैसूरचा राजवाडा. आप्पांच्या गिरणीतल्या खात्यातला एक जोडीदार दसरा बघायला गेला होता, त्यानं आणलेलं. चुलीच्या धुरानं ते पिवळं पडलं, कोपरे वळले, पण आप्पा रात्रपाळीहून आले की चहा पिताना त्याच्याकडं बघत बसायचे. "एकदा जायचं," म्हणायचे. मग गिरणीचे भोंगे बंद झाले, पगार बंद झाला, आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं, लग्नं. ते 'एकदा' राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना घेऊन गेले. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, पण नजर शाबूत आहे. तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून तुटलेला धागा लांबून हेरायची सवय झालेली ती नजर.

सोलापूरहून म्हैसूरला जायला गोलगुंबझ एक्सप्रेससारखी सोयीची गाडी नाही. पूर्वी ती सोलापूरहूनच सुटायची, आता पंढरपूरहून येते. होटगी मागं पडली, भीमा ओलांडली आणि डब्यातली भाषा बदलत गेली. आप्पांना काहीच फरक पडला नाही. आमच्या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळंच चालतं, आणि गिरणीत तर एका साच्यावर मराठी शिवी नि पुढच्यावर तेलुगू शिवी. विजापूरला खिडकीतून गोलघुमट दिसला तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली. रात्री हुबळी कधी गेली कळलंही नाही.

मी काय करते ते इथं सांगायला हवं, कारण राजवाडा मी त्याच डोळ्यांनी बघितला. मी चादरीचे ग्राफ काढते. चादरीवर जो मोर, जी वेल, जी चौकट दिसते, ती आधी चौकडीच्या कागदावर घर न् घर भरून काढावी लागते. भरलेलं घर म्हणजे उभा धागा वर, रिकामं घर म्हणजे धागा खाली. त्यावरून पत्ते पंच करायचे, पत्ते जकार्डवर, म्हणजे पत्त्यांप्रमाणं उभे धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढवायचे, मग साचा चालतो. आता मी हे कॉम्प्युटरवर करते, पण घरं भरणं चुकलेलं नाही. त्यामुळं कुठलीही नक्षी दिसली की ती कुठं संपते आणि कुठून पुन्हा सुरू होते, हे माझे डोळे आपोआप शोधायला लागतात.

सकाळच्या उन्हात राजवाडा पहिल्यांदा दिसला तेव्हा आप्पा म्हणाले, "कॅलेंडरात एवढा लांब वाटत नव्हता." खरंच लांब आहे. २४५ फूट लांबी, १५६ फूट रुंदी, राखाडी ग्रॅनाइटचे तीन मजले, कोपऱ्यांना लालसर-गुलाबी घुमट आणि मधोमध पाच मजली मनोरा. मनोऱ्याच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला घुमट, जमिनीपासून १४५ फुटांवर. मधल्या कमानीच्या वर गजलक्ष्मी. वाडा पूर्वेकडं तोंड करून, चामुंडी टेकडीसमोर उभा आहे. या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. घुमट मुसलमानी वळणाचे, झरोके-छज्जे राजपूत, कमानींच्या कडा कुठं मुघल तर कुठं गॉथिक, आणि मूर्ती, तोरणं दक्षिणेतली. वाचताना ही खिचडी वाटते. समोर उभं राहिल्यावर तसं वाटत नाही, कारण कमानींचं माप सगळीकडं राखलेलं आहे. एक मोठी कमान मध्ये, तिच्या दोन्ही अंगांना सारख्या कमानींची रांग. चादरीत मधला बुट्टा आणि दोन्हीकडचे काठ असतात ना, तसंच. काठ बरोबर बसले की मध्ये कितीही रंग घाला, डोळा विस्कटत नाही.

हा वाडा उभा राहिला तो एका आगीमुळं. इथं आधीचा वाडा होता, १८०३ साली पुरा झालेला. टिपू सुलतानाच्या काळात जुन्या म्हैसुरातली बरीच पाडापाड झाली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांना मांडवाखाली गादीवर बसवावं लागलं, कारण बसवायला धड वाडाच नव्हता. मग घाईनं जो बांधला त्यात लाकूड फार. तो शतकभर टिकला. १८९७ च्या फेब्रुवारीत राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नाच्या वेळी आग लागली आणि वाड्याचा मोठा भाग जळून गेला. घरात लग्न आणि डोळ्यांदेखत घरच पेटलेलं.

त्या वेळी राज्य चालवत होत्या महाराणी केंपनंजम्मण्णी. लोक त्यांना वाणीविलास सन्निधान म्हणत. पती चामराजेंद्र वडियार १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्याला गेले असताना तिथंच घटसर्पानं वारले. मुलगा, चौथा कृष्णराज, दहा वर्षांचा. तो वयात येईपर्यंत, १९०२ पर्यंत, कारभार या बाईंच्या हातात. तिशीही न गाठलेली विधवा बाई, वर दोन-सव्वादोन वर्षांत ही आग. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात नव्या वाड्याचं काम सुरू करून दिलं. आराखडा हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुविशारदाचा. सिमल्याचा व्हाइसरॉयचा वाडा त्यांनीच बांधला होता. पण रोज उन्हात उभं राहून काम करून घेतलं ते राजवाडा खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर राघवुलू नायडू यांनी. कामाला हात घालण्याआधी दिल्ली, मद्रास, कलकत्ता फिरून त्यांनी इमारती अभ्यासल्या होत्या. आयर्विन यांचं नाव सगळीकडं येतं. नायडूंचं मी मुद्दाम इथं लिहून ठेवते आहे.

काम १९१२ ला पुरं झालं. राजघराणं तोवर जगनमोहन वाड्यात राहिलं. खर्च ४१,४७,९१३ रुपये. मी हा आकडा आप्पांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वरच्या तेरा रुपयांचाबी हिशोब ठिवलाय. असं काम पायजे." गिरणी बंद पडली तेव्हा ज्या माणसाची देणी वर्षानुवर्षं लटकली, त्याच्या तोंडून ते तेरा रुपये ऐकताना मला काही बोलता आलं नाही.

एकदा हात भाजल्यावर माणूस चिमट्यानं धरतो. नव्या वाड्यात भार सगळा दगड, वीट आणि लोखंडावर टाकला, लाकूड दारांना आणि नक्षीला राखलं. हे आधी माहीत असेल तर आत गेल्यावर वाडा वेगळा दिसतो. जिथं जिथं डोळे दिपतात, तिथं तिथं खाली लोखंड आहे.

चपला बाहेर ठेवून आत जावं लागतं. ते फार बरं, कारण तळपायांना फरशी कळते. दगडाचा गारवा, मग टाइलचा गुळगुळीतपणा, मग संगमरवर. आधी येते गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचा सोपा. तिथंच सोन्याची अंबारी ठेवलेली असते. लाकडी सांगाड्यावर सोन्याचे पत्रे, वजन सुमारे ७५० किलो. पूर्वी विजयादशमीला त्यात महाराज बसायचे, आता चामुंडेश्वरीची मूर्ती बसते. गर्दी तिथंच सगळ्यात जास्त. आप्पांनी अंबारीला हात जोडले आणि विचारलं ते हत्तीबद्दल. "एवढं वजन पाठीवर घेऊन किती चालायचं त्यानं?" राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत, साधारण पाच किलोमीटर. "आनी आपल्याकडं माणसं काठ्या घेऊन चालत्यात," ते म्हणाले. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात त्या त्यांना आठवल्या. तरुणपणी त्यांनी खांदा दिलेला आहे.

आणि मग कल्याण मंटप.

मी याबद्दल वाचलं होतं, फोटो पाहिले होते. तरी उंबऱ्यात थांबले. आठ कोनांचं दालन, लग्नांसाठी आणि समारंभांसाठी बांधलेलं. मागचा वाडा जळाला तोही लग्नातच, म्हणून बहुधा आयर्विन यांनी इथं लाकडाला थाराच दिला नाही असं मला वाटत राहिलं. आठ कोपऱ्यांवर तीन-तीन लोखंडी खांबांचे जुडगे, निळसर-हिरव्या रंगाचे, वर सोनेरी पानं. ते वर वर जातात आणि तिथं काचेचं छत आहे. निळी, हिरवी, पिवळी, तांबडी काच, आणि त्यात मोर. एक मोर, शेजारी दुसरा मोर, मध्ये पिसाऱ्याचे डोळे. मान दुखेपर्यंत बघितलं. मग खाली बघितलं, तर फरशीतही मोर. वरचा मोर आणि खालचा मोर एकमेकांना ओळखतात, असं वाटण्याइतके सारखे.

छताच्या या मोरांचं चित्र म्हैसूरच्या कलाकारांनी काढलं. ते कागद समुद्रापार ग्लासगोला गेले आणि तिकडून काच होऊन परत आले. खांबही ग्लासगोचेच, वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीत ओतलेले. ओतून, खोक्यांत भरून, बोटीनं, मग रेल्वेनं आणून इथं जोडलेले. मला त्या कागदांचा विचार सुटेना. कुणीतरी म्हैसुरात बसून पेन्सिलीनं मोर काढला असेल, पिसाऱ्यात किती डोळे ते मोजलं असेल, कुठली रेघ शिशाची आणि कुठला तुकडा काचेचा ते ठरवलं असेल. शिशाच्या पट्टीशिवाय काच जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक रंगाला काळी कड लागते, आणि ती कड चित्रातच जिरवावी लागते. ग्राफमध्ये मला हेच करावं लागतं. लांब तरंगणारा धागा सैल पडतो, नखात अडकतो, म्हणून मध्ये कुठंतरी तो बांधून घ्यावा लागतो, आणि ती गाठ मोराच्या पंखातली रेघ वाटली पाहिजे. अडचणीलाच नक्षी करायची. इथं कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती केली होती, आणि मी मान वर करून तिचं एकेक घर वाचत होते.

वळून बघितलं तर आप्पा शेजारी नव्हते. ते एका खांबापाशी उभे होते. पहारेकरी बाई त्यांच्याकडंच बघत होती. आप्पांनी तिला कानडीत काहीतरी विचारलं. ती हसली, "ताता" म्हणून काहीतरी बोलली. आमच्याकडचे कानडी लोक म्हाताऱ्याला अज्जा म्हणतात, म्हैसूरकडं ताता. आप्पांनी बोटाचं पेर वाकवून खांबावर हलकेच दोनदा वाजवलं. मग तळहात टेकवला.

"बीड हाय हे," ते म्हणाले. "पोकळ. आमच्या खात्यात असलेच हुते."

मला हे ठाऊक नव्हतं. आप्पा गिरणीबद्दल बोलायचे ते साच्यांबद्दल, पगाराबद्दल, संपाबद्दल. खांबांबद्दल कधीच नाही. तिथं, काचेच्या मोरांखाली उभं राहून, त्यांनी सांगितलं. विणकाम खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं, उत्तरेचा उजेड आत यायला. दोन दात्यांमधल्या पन्हाळीतलं पावसाचं पाणी खांबांच्या आतून खाली जायचं. "पावसाळ्यात जेवायच्या सुट्टीत साचं थांबलं, की खांबाला कान लावायचा. आत ओढा वाजायचा. आम्ही नवी पोरं आळीपाळीनं कान लावायचो." साच्यांच्या खडखडाटात दिवसभर कान बधिर झालेले, आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत खांबातलं पाणी ऐकणारी विशीतली पोरं.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला पक्कं असतं, वाकवलं की तुटतं. घरात बिडाचा तवा हातातून पडला तर दुभंगतो ते यामुळंच. म्हणून त्या काळी खांब बिडाचे करत. डोक्यावरचं वजन कितीही घेतील. सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ ची. हा वाडा १८९७ ते १९१२ मधला. काळ एकच म्हणायचा. राजाचं लग्नघर आणि कामगारांचं खातं एकाच जातीच्या लोखंडावर उभं होतं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. वडिलांच्या बोटाच्या पेरानं सांगितलं. आप्पांच्या खात्यातले खांब पुढं भंगारात गेले, वजनावर. ते ट्रकमध्ये भरताना आप्पा रस्त्यापलीकडं उभे होते, हेही त्यांनी तिथंच सांगितलं.

त्या दालनाच्या भिंतींवर २६ तैलचित्रं आहेत, दसऱ्याच्या मिरवणुकीची. एकापुढं एक बघत गेलं की मिरवणूक आपल्या अंगावरून जाते. हत्ती, घोडदळ, वाजंत्री, आणि कडेला बघणारी माणसं. आप्पा हत्ती सोडून कडेची माणसंच बघत होते. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, हे त्यांनी मला दाखवलं.

वरचा सार्वजनिक दरबार हॉल भव्य आहे, यात वाद नाही. १५५ फूट लांब, रंगवलेल्या फुगीर खांबांच्या आणि पाकळीदार कमानींच्या रांगा, समोरची बाजू मैदानाकडं उघडी, मागच्या भिंतीवर राजा रविवर्म्यांची चित्रं. जयचामराजेंद्र वडियारांच्या काळात, १९४० च्या सुमारास, तो वाढवला गेला. पण माझं मन तिथं लागलं नाही. तिथली नक्षी बघणाऱ्यावर चालून येते. अंबाविलास, म्हणजे खासगी दरबार, मला त्याहून उजवा वाटला. सोनेरी खांब, काचेचं छत, संगमरवरात आग्र्याच्या पद्धतीनं रंगीत दगड जडवलेली फरशी, आणि शिसवी दार, त्यात हस्तिदंताची जडवण. त्या दारापाशी मी बराच वेळ होते. शिसवात हस्तिदंत बसवणं हे म्हैसूरचंच काम. पान कोरायचं, तेवढीच खाच लाकडात कोरायची, आणि दोन्ही इतकी जुळवायची की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. ग्लासगोचं बीड, आग्र्याची फरशी, म्हैसूरचं शिसव. प्रत्येक कारागिरानं आपापलं घर भरलं आणि चित्र पुरं झालं.

परत येताना गाडीत आप्पा अक्कलकोटबद्दल बोलत होते. आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. तिथल्या राजवाड्यातलं शस्त्रागार त्यांनी आम्हाला लहानपणी दाखवलं होतं. तलवारी, भाले, बंदुका. त्या गादीचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले जन्मानं लोखंडे. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येत असताना पारदला लढाई झाली, तिथं एका आईनं आपलं पोर त्यांच्या पायावर घातलं, आणि महाराजांनी ते मुलासारखं वाढवलं. आप्पांना ही गोष्ट फार आवडते. स्वामींच्या दर्शनाला लाखो लोक अक्कलकोटला येतात. त्यांनी थोडी वाट वाकडी करून ते शस्त्रागारही बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पण म्हैसूरची रात्र सांगायची राहिली. आम्ही रविवार गाठला होता, कारण रविवारी संध्याकाळी दिवे लावतात. सुमारे ९७,००० बल्ब. कर्नाटकात शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ साली वीज तयार झाली, ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, मग बंगळूरला, म्हैसूरला. म्हणजे वाडा बांधून होत होता तेव्हाच वीज गावात येत होती. अंधार पडला. मैदानात हजारो माणसं, पोरं खांद्यावर. आप्पांना मी एका कट्ट्यावर बसवलं. एकदम, एका क्षणात, अख्खा वाडा रेघांनी काढल्यासारखा समोर आला. दगड दिसेना, भिंत दिसेना. फक्त कडा. प्रत्येक कमानीची कड, प्रत्येक घुमटाची कड, ठिपक्याठिपक्यांनी. ग्राफच तो, काळ्या कागदावर भरलेली पिवळी घरं.

आप्पा काही बोलले नाहीत. दिवे बंद होईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नसेल. मग म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला पायजे हुतं."

सोलापूरला आल्यावर मी मोराचा ग्राफ घेतला. आठ कोनांची चौकट, आत दोन मोर, मध्ये पिसारा. पहिला नमुना निघाला तो लांबट, अंड्यासारखा. चादरीत इंचाला जेवढे उभे धागे असतात तेवढे आडवे नसतात. कागदावरचा बरोबर अष्टकोन कापडावर ओढला जातो. एवढी वर्षं काम करून मी चौरस कागदावरच काढला होता, वाड्यातला आकार डोक्यात इतका पक्का बसला होता. मग आडव्या ओळी कमी केल्या, तिरकी बाजू पुन्हा बसवली. दुसरा नमुना नीट आला. मोर डोळ्यात भरत होता.

तो घेऊन आप्पांकडं गेले. त्यांनी उजेडात धरला, उलटा करून मागची बाजू बघितली, कुठं धागा तरंगतोय का ते अंगठ्यानं चाचपलं. पुन्हा सुलट केला.

"मोर झाला," ते म्हणाले. "खांब कुटं हायत?"

आता तेच काढते आहे. आठ कोपरे, प्रत्येकी तीन. चोवीस उभ्या रेघा बसवायला काठ दोन इंचांनी वाढवावा लागला.